बारा परस खाली

आमचा कान-नाक-घशाचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. आमचे एक पेशंट, सगळेच त्यांना काका म्हणायचे, जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचे. बरोबर तीन मिनिटं. दम लागायचा म्हणून नव्हे. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचा दम माझ्यापेक्षा चांगला होता. एक हात कठड्यावर, नजर मनगटावरच्या जाडजूड घड्याळावर. मागून कोणी घाईनं आलं तर ते त्यालाही अडवायचे.

"थांब बे. एकदम वर नोको जाऊ. रक्तात फुगे होतात."

खेड्यावरून आलेले पेशंट घाबरून थांबायचे. एक बाई लेकराला कडेवर घेऊन पूर्ण तीन मिनिटं त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि वर आल्यावर मला म्हणाली, "म्याडम, पोराचं रगतबी तपासता काय?"

पाण्याखालून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, हा स्कूबा डायव्हिंगचा नियम आहे. काका तो बुलढाण्यात, जिन्यावर पाळत. सगळ्यात जवळचा समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, याचा त्यांच्यावर काही परिणाम नव्हता. मलकापूरला जाताना राजूर घाट उतरू लागला की ते एसटीत नाक चिमटीत धरून फुंकत आणि शेजारच्यालाही फुंकायला लावत. "कानातला दाब सारका करून घे. नाई तं पडदा फाटन." त्यांचा स्वतःचा उजवा पडदा फाटला होता. तो आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून नीट बसवला होता आणि त्यानंतरच्या तपासण्यांसाठी ते माझ्याकडे यायचे.

मी तिथे लोकांची श्रवणशक्ती तपासायचे. आतून फोम लावलेली एक लहानशी खोली असते, तिला एक जाड काच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण. मी बाहेरून बारीक-मोठे आवाज सोडते. आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, माझ्यासमोर लाल दिवा लागतो. खामगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी; घरी मराठी बोलायचे, पण तीही मोजकीच. पेशंट काचेच्या पलीकडे आणि मी अलीकडे, ही व्यवस्था मला मानवली होती.

पहिल्याच तपासणीनंतर काकांनी हेडफोन काढला आणि विचारलं, "अजून धा मिनटं बसू काय इथं?"

"का?"

"पान्याखाली असंच राह्यते. बाहीरचं जग बंद."

तेव्हापासून ते दुपारी चार वाजता, पेशंट नसायचे तेव्हा, येऊन त्या खोलीत बसू लागले. डॉक्टर पाच वाजता यायचे. मी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला बोलावं लागतं.

आठवड्याभरानं ते कागदांची एक पिशवी घेऊन आले. "तुले इंग्रजी वाचता येते ना?"

"हो."

"खरोखरचं येते, का शाळेतलं येते?"

मला हसू आलं. ते कागद त्यांच्या पुतण्यानं इंटरनेटवरून छापून दिले होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून बुडालेल्या एका मालवाहू बोटीबद्दल ते होते. श्रीलंकेच्या पूर्वेच्या समुद्रात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ती तळाशी पडलेली आहे. तिच्यापर्यंत जाणाऱ्या हौशी डायव्हर लोकांनी आपापले अनुभव लिहिले होते. कोणाला मोठे मासे दिसले होते, कोणाचा कॅमेरा बिघडला होता. काका डोळे मिटून ऐकायचे. "बॉयलर" हा शब्द आला की डोळे उघडायचे.

त्यांचे वडील त्या बोटीच्या बॉयलरवर कोळसा टाकायचे.

धाडजवळच्या एका खेड्यातला माणूस. आधी खामगावच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, बॉयलरवर होता. तिथल्या कोणीतरी मुंबईला नेलं आणि बोटीवर लावून दिलं. काका तेव्हा चार महिन्यांचे होते. मग युद्धात एक इंग्रजी कागद घरी आला. गावात तो वाचणारा एकच मास्तर. त्यानं वाचून सांगितलं, "बेपत्ता आहे म्हणतात." काकांच्या आईनं विचारलं, बेपत्ता म्हणजे काय. "म्हणजे सापडला नाही." ती म्हणाली, "मंग धुंडा म्हना त्याइले."

गावातल्या बायका तिचं कुंकू पुसायला आल्या. तिनं त्यांना दारातच उभं केलं. "मेलेला दाखवा, मंग पुसतो." पुढे घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, जुन्या रीती एकेक करून सुटल्या. कुंकू तेवढं राहिलं. काका साठीला आले तेव्हा ती गेली. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती. ती काकांना विचारायची, "गेल्ता काय पाहाले?"

काकांनी हे मला असं सांगितलं, जसं कोणी सांगेल की आईनं बाजारातून मीठ आणायला सांगितलं होतं आणि आपण विसरलो.

त्यांचा धंदा पंपदुरुस्तीचा, पण जिल्हाभर नाव होतं ते विहिरीत उतरण्याबद्दल. दोर तुटून मोटर पडली की शेतकरी काकांना न्यायला यायचे. विहिरीत माणूस पडला तरी त्यांनाच. पोलीसही त्यांनाच बोलवायचे. पन्नास वर्षं त्यांनी श्वास धरून पाण्याचा तळ चाचपला. त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही. वरून पाणी नितळ दिसलं, तळ रिकामा दिसला, तरी ते "नाही" म्हणायचे नाहीत. विहिरीच्या बांधकामातली प्रत्येक कपार, झऱ्याचं प्रत्येक भोक हात घालून पाहायचे. पाचव्या-सहाव्या बुडीला लोक कंटाळून म्हणायचे, नाही इथं, राहू द्या आता. काका म्हणायचे, "डोयाचं काय खरं? हातानं पाह्यलं ते पाह्यलं."

सदुसष्टाव्या वर्षी ते मालवणला गेले, स्कूबा शिकायला. तिथल्या मुलांनी त्यांना किनाऱ्यावर खुर्ची दिली, सरबत दिलं. नातवाला घेऊन आले असतील असं त्यांना वाटलं. शिकायचंय म्हटल्यावर एकानं गंमत म्हणून विचारलं, आजोबा, पाण्याखाली किती वेळ राहता येईल? काका कमरेएवढ्या पाण्यात जाऊन खाली बसले. इतका वेळ वर आले नाहीत की दोन मुलं कपड्यांसकट आत धावली.

"अन् मंग तो मास्तर मले पह्यला नियम काय सांगते? म्हन्ते, आजोबा, श्वास धरायचा नाही. कधीच नाही. घेत राहायचं, सोडत राहायचं. नाही तर फुप्फुस फाटेल." काकांनी कपाळावर हात मारला. "पन्नास वर्सं श्वास धरून पोट भरलं म्या. अन् ते पोट्टं म्हन्ते धरू नोको!"

पण नियम म्हणजे नियम. तिथून आल्यावर ते घरात सगळ्यांच्या श्वासावर पहारा ठेवू लागले. काकू सुईत दोरा ओवताना श्वास धरायच्या, तर हे पलीकडून ओरडायचे, "सोड, सोड!" सुई हातातून पडायची. मी घरी गेले की काकू माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "पन्नास वर्सं विहिरीत होते तवाच बरं होतं, माय. घरात तं शांतता होती."

हातांच्या खुणाही ते तिथूनच घेऊन आले. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून डायव्हर हातानं बोलतात. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केला म्हणजे संपलं, वर चला. धाडच्या एका लग्नात काका जेवायला बसलेले असताना नवऱ्या मुलाच्या मामानं लांबून अंगठा वर करून विचारलं, जेवण झकास ना? काका ताटावरून उठले, हात धुतला आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. काकू मागून, "अहो, वरन-बट्टी यायची हाये अजून!"

"त्यानं वर चला म्हनलं. खाली असताना हुज्जत घालत नसतात."

मी स्कूटीवरून माझ्या भाड्याच्या खोलीवर निघाले की ते दवाखान्याच्या गेटपाशी यायचे आणि माझी तपासणी करायचे. हेल्मेटचा पट्टा, ब्रेक, दिवा, पेट्रोल, टायर. याच क्रमानं, मोठ्यांदा. आधी मला लाज वाटायची. रस्त्यावरचे लोक पाहायचे. "जोडीदाराचं सामान आपन पाह्याचं, आपलं त्यानं. एकट्यानं पान्यात जाचं नाई, अन् जोडीदाराले इशारा केल्याबिगर काही कराचं नाई. दिशाबी बदलाची नाई." मग सवय झाली. खोलीवर परत जाताना मी आपोआप थांबायला लागले.

तर, त्या बोटीपर्यंत ते एकदा गेले होते. श्रीलंकेतलं यादवी युद्ध थांबून ती किनारपट्टी लोकांना खुली झाली, त्याच्या पुढच्या वर्षी. सोबत पुतण्या होता, तो वर होडीतच उलट्या करत बसला. काका आणि तिथला एक तरुण गाईड खाली गेले. बारा परस खोल, असं ते सांगायचे. एक परस म्हणजे एक पुरुषभर उंची; विहिरीची खोली ज्या मापात सांगतात त्याच मापात.

"आधी काईच दिसत नाई. नुसता निळा रंग. मंग खालून एकाएकी भिंतच येते वर. खामगावची जिनिंग कोनी आडवी करून ठेवली असं वाटलं मले. लोखंडाले मांस फुटलेलं, शेवाळ, झाडं, मासे असे कपडे वाळू घातल्यासारखे लटकून राह्यले. मधीच पत्रा फाटलेला. तिथून आत पाह्यलं, तं बॉयलर. दोन. जिनिंगमधी असते ना, तसंच. माह्या बापाचं."

"मग?"

"मग काय. दोन हात खाली गेलो, तं त्या पोट्ट्यानं हात आडवा केला. आत जाचं नाई म्हने. आत जायचं शिक्षण येगळं असते. मी इशारा केला, की हात घालतो फक्त. त्यानं अंगठा वर केला."

"आणि तुम्ही वर आलात."

"येनंच पडते. पान्यात हुज्जत नसते." त्यांनी घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. "हाडं राहत नाईत, पोरी. मले समजते. सत्तरावर वर्सं झाले. पन म्या लोकाइच्या मानसासाठी कपारीत हात घातला, अन् माह्या बापाले वरून पाहून आलो. ते काय पाह्यनं झालं?"

त्यानंतर त्यांनी आत जायचं ते वेगळं शिक्षणही घेतलं, पुन्हा मालवणला जाऊन. मग कानाचा पडदा फाटला आणि दोन वर्षं गेली. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा पडदा भरून आला होता आणि ते दुसऱ्यांदा जायची तयारी करत होते. त्यांच्या वतीनं मी तिथल्या डायव्हिंग सेंटरला मेल लिहिले. तुमच्या वडिलांविषयी वाचून आम्हाला वाईट वाटलं, असं उत्तर आलं. आम्ही तुम्हाला बॉयलरपर्यंत नेऊ. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे राहून म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. माझ्या इंग्रजीचा इतका चांगला उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

देऊळघाटची गोष्ट त्याच महिन्यातली. एका शेतकऱ्याची मोटर विहिरीत पडली होती. काकूंनी यायला नकार दिला होता आणि जोडीदाराशिवाय उतरायचं नाही हा नियम, म्हणून रविवारी घरी खामगावला जाण्याऐवजी मी काकांबरोबर गेले. माझं काम काठावर बसून दोर धरायचं. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. पहिल्या बुडीत त्यांनी मोटर शोधली, दुसऱ्या बुडीत साखळी अडकवली. शेतकरी आणि त्याचा भाऊ ट्रॅक्टर आणायला गेले. काका म्हणाले, गाठ पाहून येतो, आणि पुन्हा खाली गेले.

या वेळी दोराला एकही हिसका आला नाही. मी मोजत होते. मग पाणी हललं आणि ते वर आले, पण पायऱ्यांच्या उलट्या बाजूला. भिंतीवर डोकं आपटलं. ते वळले आणि पुन्हा भिंतीकडेच गेले. डोळे उघडे होते, पण कुठेच लागत नव्हते. एकदा तर ते, डोकं पाण्याबाहेर असताना, खाली तोंड करून पाण्यात शिरायला लागले. वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळत नव्हतं. मी दोर ओढला. ओरडायचं सोडून मी फक्त ओढत राहिले. त्यांच्या हाताला पाइप लागला. पाइपाला धरून ते ओकले आणि किती तरी वेळ तसेच राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला. ठीक आहे.

वर आल्यावर म्हणाले, "कोनाले सांगू नोको." मी मान हलवली. ट्रॅक्टर आला, मोटर निघाली, त्या घरच्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली. काका नेहमीसारखे बोलत होते. जेवताना त्यांचा हात एकदा ताटाच्या शेजारी पडला, तो मीच पाहिला.

पंधरा दिवसांनी सेंटरकडून फॉर्म आला. दोन पानी, तब्येतीबद्दलचा. प्रत्येक प्रश्नासमोर हो आणि नाही असे दोन चौकोन. मी प्रश्न मराठीत सांगत होते.

"सगळ्याले नाई लिव," काका म्हणाले.

"हृदयाचा त्रास?"

"नाई."

"दमा?"

"मले?"

"कानाचं ऑपरेशन झालंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कान चांगला व्हावा म्हनून केलं ना डॉक्टरनं? झाला ना चांगला? मंग नाई लिव."

"गेल्या वर्षभरात चक्कर, तोल जाणं?"

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली, गेली. "लिव. नाई."

मी दोन्ही ठिकाणी 'हो'वर खूण केली. कागद त्यांच्याकडे वळवला आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी मराठीत, मोठ्या सुट्ट्या अक्षरांत सही केली. प्रत्येक अक्षर काढताना ते तोंडानं श्वास सोडत होते. मग मी तो कागद दवाखान्याच्या मशीनवर स्कॅन करून पाठवून दिला.

मी खरं लिहिलं होतं. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. देऊळघाटला पाइप होता. बारा परस खाली, पत्र्याच्या आत, नसता. पण मी हे त्यांना म्हणू शकले असते. काका, मी इथे 'नाही' असं लिहिणार नाही, एवढं एक वाक्य. ते भांडले असते, कागद घेऊन दुसऱ्याकडे गेले असते, कदाचित ऐकलंही असतं. मला भांडता येत नाही. मला गप्प राहून हवं ते करता येतं, आणि लोक त्याला माझा शांत स्वभाव म्हणतात.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कानाच्या तज्ज्ञ डॉक्टरांची लेखी परवानगी लागेल, तिच्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फाइल पाहिली, मी देऊळघाटचं सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली. "खाली चक्कर आली तर माणसाला वर कुठे आहे हेच कळत नाही. मी सही करणार नाही. कोणीच करू नये." तेही खरंच होतं.

काका रोज चार वाजता यायचे. "आलं काय?"

"अजून नाही."

अकरा दिवस मी असं म्हणत राहिले. त्या अकरा दिवसांत त्यांनी गोड सोडलं, रोज सकाळी तळ्याला तीन फेऱ्या मारायला लागले, काकूंनी प्रवासासाठी शेवेचा डबा भरला, गल्लीतल्या सगळ्यांना कळलं. भाजीवाली मला म्हणाली, "तुमचे काका बापाले भेटाले चालले म्हने." बाराव्या दिवशी ते काचेच्या खोलीत जाऊन बसले, हेडफोन लावला, डोळे मिटले. मी माझ्या जागेवरून दार लागल्याचं पाहिलं. समोर मायक्रोफोन होता. पेशंटला सूचना देण्यासाठी असतो तो.

मी तो सुरू केला. "काका, ऐकू येतंय का?"

त्यांनी डोळे न उघडता बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मी सगळं सांगितलं. उत्तर कधी आलं, काय आलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि फॉर्मवर मी काय लिहिलं. टेबलाकडे पाहून सांगितलं. समोरासमोर मला यातलं एक वाक्यही बोलता आलं नसतं. बोलून झाल्यावर मी दिव्याकडे पाहत राहिले. तो लागत नव्हता. मी विचारलं, "काका?" काचेपलीकडे त्यांचे ओठ हलले. आतलं बाहेर ऐकू येत नाही. ते काहीतरी बोलले, बरंच बोलले, माझ्याकडे न बघता, आणि त्यातलं एकही अक्षर मला कळलं नाही. मग थांबले. आणि मग दिवा एकदा लागला.

ते बाहेर आले. हेडफोन नीट गुंडाळून हुकाला लावला. रागावलेले दिसत नव्हते.

"लिवलं ते खरं लिवलं," ते म्हणाले. "पन मी सई तुह्या भरवशावर केली. मले सांगाचं असतं. म्हनाचं, काका, मी हो लिवून राह्यली."

मी मायक्रोफोन बंद केला.

"विहिरीत तू दोर धरला होता ना? मंग?"

एवढंच. पिशवी तिथेच ठेवून ते जिना उतरून गेले.

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले नाही. चालत दहा मिनिटांवर घर. पिशवीतले न वाचलेले कागद परत द्यायचं निमित्तही होतं. पण मला वाटायचं, त्यांना माझं तोंड पाहायचं नसेल, आणि असं वाटून घेणं मला सोयीचं होतं. एकदा बाजारात ते समोरून येताना दिसले. भाजीची थैली घेऊन, मधूनच थांबत, घड्याळाकडे बघत. मी स्कूटी बाजूच्या गल्लीत वळवली. त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

असे सात महिने गेले. मग एका पेशंटनं कान तपासून घेताना सहज सांगितलं, तो विहिरीवाला म्हातारा गेला, परवाच्या दिवशी, दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. मी आवाज सोडत होते, तो बटण दाबत होता. मी तपासणी पूर्ण केली.

संध्याकाळी गेले. दारात चपलांचा ढीग नव्हता, लोक येऊन गेले होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर काकांचा फोटो, पुढे मेणबत्ती. काकू एकट्या बसल्या होत्या. मी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. माझा हात धरून शेजारी बसवलं.

मी म्हटलं, "काका माझ्यावर फार रागावले होते ना?"

"तुह्यावर?" काकूंना खरंच आश्चर्य वाटलं. "नाई वं, माय. चार दिवस बोलले नाईत कोनाशी, मंग म्हने, पोरगी बरोबर होती, मी तिथंच मेलो असतो. अन् मंग रोज म्हनत, येईन ती आज. दारापाशी खुर्ची टाकून बसत. मी म्हनलं, जाऊन या ना तुमीच दवाखान्यात, कितीसं दूर हाये? तं म्हनत, मी गेलो तं तिले वाटन भांडाले आला. ते घाबरट हाये. तिलेच येऊ दे."

मेणबत्ती एका बाजूनं वितळत होती. काकूंनी ती सरळ केली.

"परवा सकायीबी म्हनले. येईन म्हने पोरगी आज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. "काऊन नाई आली वं, माय?"

माझ्याकडे उत्तर होतं. तोंडाशी आलंही होतं. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली, मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.